हुशार मदतनिसाचं करायचं काय? रहस्यकथेतला जुना पेच

रहस्यकथेत गुन्हा सुरुवातीला घडतो, उलगडा शेवटी होतो आणि मधली सगळी पानं उत्तर लांबवण्यात जातात. डिटेक्टिव्हच्या शेजारी खरोखर हुशार माणूस आणून बसवला, की ही मधली पानं धोक्यात येतात. तो बघणार, बघितलं की बोलणार आणि बोलला की गोष्ट संपणार. या पेचातून लेखकांनी काढलेल्या वाटा बघितल्या, तर रहस्यकथेचा अर्धा इतिहास त्यात सापडतो.

एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये द्यूपँ या डिटेक्टिव्हच्या पहिल्या कथेत निनावी निवेदक आणला. त्याने थक्क व्हायचं आणि वाचकाच्या मनातले प्रश्न विचारायचे, एवढंच त्याचं काम. पण १८४४ च्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये पो यांनी याहून अवघड काम केलं. चोरलेलं पत्र शोधणारा पोलीसप्रमुख तिथे अजिबात मठ्ठ नाही. गाद्यांमध्ये बारीक लांब सुया खुपसून, खुर्च्यांचे सांधे भिंगाखाली घालून त्याची माणसं घर पिंजून काढतात. शोधात कसूर नसते. पत्र कुठेतरी दडवलेलंच असणार, हे त्याचं गृहीत तेवढं चुकतं.

हीच कल्पना विल्की कॉलिन्स यांनी १८६८ च्या ‘द मूनस्टोन’मध्ये पूर्णत्वाला नेली. हिरा चोरीला जातो. खोलीच्या दारावरचा ओला रंग एका जागी पुसटलेला असतो. स्थानिक पोलीस अधिकारी त्याला क्षुल्लक म्हणून सोडून देतो. लंडनहून आलेला डिटेक्टिव्ह सार्जंट कफ मात्र तिथेच थांबतो. रंग वाळायला किती तास लागतात, दार शेवटचं धड कुणी पाहिलं, हे विचारून तो चोरीची वेळ मध्यरात्र ते पहाटे तीन एवढ्यावर आणतो. आता एकच शोधायचं: रंग लागलेला कपडा कुणाचा? इतका तल्लख माणूस, आणि तरी तो चुकतो. हिऱ्याची मालकीण रेचल तोंड उघडत नाही, झडती घेऊ देत नाही. त्यावरून हिरा तिनेच लपवला असा निष्कर्ष तो काढतो. हातातल्या पुराव्यांवरून तुम्हीआम्हीही तेच म्हटलं असतं. पुढे त्याला मानानं निरोप दिला जातो आणि तो गुलाब लावायला निघून जातो. कोडं सुटतं ते एझ्रा जेनिंग्ज या डॉक्टरच्या मदतनिसामुळे, कारण त्या रात्रीबद्दलचा एक दुवा फक्त त्याच्याकडे असतो. कुणालाही मूर्ख न करता कादंबरी शेवटापर्यंत तग धरते. माझ्या मते या पेचाला यापेक्षा चांगलं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांनी वेगवेगळे उपाय वापरले. शेरलॉकपेक्षाही तल्लख असलेला थोरला भाऊ मायक्रॉफ्ट १८९३ मध्ये आला, पण कमालीचा आळशी: आपलं उत्तर पडताळायलाही खुर्ची सोडणार नाही. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये (१९०१-०२) उलट केलं आणि होम्सलाच बराच काळ नजरेआड ठेवलं. त्या भागात वॉटसन एकटा माळरानावर राहतो, माणसं पारखतो, धागे जुळवतो, पत्रांतून अहवाल धाडतो. होम्स अचानक समोर आल्यावर आपल्याला अंधारात ठेवल्याचं त्याला लागतं; ते अहवाल होम्सनं पुन्हा पुन्हा वाचलेत हे कळल्यावरच तो निवळतो. हा वॉटसन बावळट नाही. त्याची तशी प्रतिमा रूढ झाली ती बरीचशी १९३९ पासूनच्या चित्रपटांमुळे.

अर्थात त्याआधी १९२९ मध्ये रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेच्या आपल्या दहा नियमांत लिहून ठेवलंच होतं, की डिटेक्टिव्हच्या मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी. या नियमानं खूप नुकसान केलं असं मला वाटतं. मदतनिसाला बोथट केलं की वाचकाला लेखकाचा हात दिसतो. अगाथा ख्रिस्ती यांना हे जाणवलं असावं: १९२० मध्ये आणलेल्या हेस्टिंग्जला, म्हणजे डिटेक्टिव्ह प्वारोच्या मित्राला, त्यांनी १९२३ मध्ये लग्नाच्या निमित्तानं अर्जेंटिनाला पाठवून दिलं.

कामाची वाटणी ही त्याहून टिकाऊ वाट. डोरोथी सेयर्स यांच्या कथांत डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटरच्या मदतनीस मिस क्लिम्पसन त्याच्यापेक्षा कुठेच कमी नाहीत. १९३० च्या ‘स्ट्रॉंग पॉयझन’मध्ये त्या प्लँचेटचं सोंग रचून एका नर्सच्या मदतीनं मृत्युपत्र शोधतात. तिथे लॉर्डसाहेबांचा शिरकावच झाला नसता. रेक्स स्टाउट यांनी १९३४ पासून हीच रचना मुख्य जोडीवर बेतली. त्यांचा डिटेक्टिव्ह नीरो वुल्फ कामासाठी घराबाहेर पडायला सहसा तयार नसतो. त्याचा मदतनीस आर्ची गुडविन हिंडतो, भांडतो आणि तासाभराचं संभाषण शब्दन्‌शब्द ऐकवतो. दोघेही अव्वल, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. १९५६ पासून एड मॅकबेन यांनी तर नायकपदच अख्ख्या पोलीस ठाण्यात वाटून टाकलं.

आज लिहिणाऱ्याला यातला दूर पाठवण्याचा उपाय फारसा चालत नाही. वॉटसनचं पत्र पोचायला वेळ लागायचा. फोटो आणि निरोप आता तिथल्या तिथे पोचतात. आळसाचंही तेच, खुर्चीत बसून बरंच पडताळता येतं. कॉलिन्स यांची युक्ती मात्र अजून धड आहे, कारण ती अंतरावर किंवा वेगावर उभी नाही. रेचलनं त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं, आणि ज्याला पाहिलं त्याच्यावर तिचं प्रेम असल्यामुळे ती कफला ते सांगत नाही.