दशमांश व अर्पण (ठाणे-नवी मुंबई परिसर)

ख्रिस्ती मंडळीची उपासना, पाळकाचा निर्वाह आणि गोरगरिबांची मदत यांसाठी विश्वासीयांनी आपल्या उत्पन्नातून द्यायचा वाटा. उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाइतका नेमाचा भाग तो दशमांश (दशांश असेही म्हणतात) आणि स्वखुशीने, न मोजता दिलेले ते अर्पण, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. व्यवहारात दोन्ही एकाच थैलीत पडतात. सभागृहाचे भाडे थकले, पाळकाचा पगार दोन महिने राहिला किंवा पावसाळ्यापूर्वी छपराचे काम निघाले की ‘विशेष अर्पण’ मागितले जाते. ठाणे शहर, खाडीपलीकडील कळवा-मुंब्रा, उल्हासनगर-अंबरनाथ आणि नवी मुंबई येथील कॅथलिक, प्रॉटेस्टंट व पेंटेकॉस्टल अशा सर्वच मंडळ्यांत ही प्रथा या ना त्या रूपात आढळते.

दशमांशाचे प्रमाण एकदशांश हे उघड वाटत असले, तरी मूळ ग्रंथात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, ते तितके सरळ नाही. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात भूमीच्या उत्पन्नाचा व गुराढोरांचा दहावा भाग परमेश्वराचा म्हटला आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात तो लेव्यांना (उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या इस्राएली वंशाला) नेमून दिला आहे, कारण त्यांना जमिनीत वतन नव्हते. लेव्यांनी त्यातला पुन्हा दहावा भाग याजकांना द्यायचा. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात मात्र देणाऱ्याने आपला दशमांश पवित्रस्थानी नेऊन कुटुंबासह तिथेच खायचा आहे आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी साठवायचा आहे. या तीन विधानांचा मेळ कसा घालायचा यावर जुना वाद आहे. रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) परंपरेने पहिला, दुसरा आणि गरिबांचा असे दशमांश मानले. त्यांतला गरिबांचा दशमांश सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या व सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी येतो आणि सातवे वर्ष पडीक म्हणून सुटते. यहुदी इतिहासकार जोसीफसच्या मांडणीत तिसऱ्या वर्षाचा दशमांश आधीच्या दोहोंच्या जोडीला येतो, म्हणजे त्या वर्षी बोजा तीन दशांशांवर जातो. ही वेगवेगळ्या काळांतील विधाने नंतर एकत्र गुंफली गेली, हे आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांचे मत अधिक सयुक्तिक वाटते. सामान्यतः इ.स.पू. पाचव्या शतकातला मानल्या जाणाऱ्या मलाखीच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात दशमांश भांडारात आणण्याची आज्ञा आहे, आणि व्यासपीठावरून सर्वाधिक वाचले जाते ते हेच वचन.

नव्या करारात दशमांशाचा उल्लेख विरळ आहे. मत्तय 23 मध्ये पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश चोख देऊन न्याय व दया विसरणाऱ्यांना येशूने फटकारले आहे. पौलाने करिंथकरांना लिहिताना दहाव्या भागाचे नावही न घेता आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवायला सांगितले. स्वतः गरिबीत असलेल्या मासेदोनियातील मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरजवंतांसाठी शक्तीपलीकडे दिले, याचा दाखलाही दिला. दशमांशाची सक्ती पश्चिम युरोपात पुढे आली. इ.स. 585 च्या मासोंच्या धर्मपरिषदेने तो न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा ठरवली आणि 779 मध्ये फ्रँक राजा शार्लमेनने त्याला राजाज्ञेचे बळ दिले. म्हणून दशमांश हा नियम की नमुना, हा प्रश्न आजही मंडळ्यांच्या सभांत निघतो. जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा कल त्याला नमुना मानण्याकडे, तर पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा कल नियम मानण्याकडे दिसतो.

ठाण्यात धर्मसेवकांना मिळालेल्या आश्रयाची सर्वांत जुनी नोंद चौदाव्या शतकातील आहे. तोलेंतिनोचा तोमास व त्याचे तीन सोबती हे फ्रान्सिस्कन पंथीय 1321 मध्ये (काहींच्या मते पुढील वर्षी) ठाण्यात मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेला ओदोरिक हा प्रवासी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहितो आणि ते चौघे त्यांपैकी एका घरी उतरले होते असे सांगतो. परक्या पंथाच्या वाटसरूंना दिलेले हे अन्न व निवारा म्हणजे संघटित वर्गणी नव्हे. तरी या परिसराच्या संदर्भात नोंदीला सुरुवात करायची तर ती येथूनच करावी लागते.

पोर्तुगीज अमलात (वसईचा तह 1534) चर्चचा खर्च मुख्यतः विश्वासीयांच्या देणग्यांवर चालत नव्हता. ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’चे प्रमुखपद पोर्तुगालच्या राजाकडे होते. त्यामुळे समुद्रापारच्या मुलखातील दशमांशावर हक्क राजाचा आणि त्या बदल्यात पाद्र्यांचा खर्च उचलण्याची जबाबदारीही राजाची, अशी व्यवस्था होती. तिला पाद्रुआदो म्हणतात. शिवाय साष्टी व वसई भागांत धर्मसंघांकडे गावे व शेतजमिनी होत्या. ठाण्याच्या आसपास खुद्द दशमांशाची वसुली कितपत नियमित होती याबद्दल मतभेद असून, खरा आधार जमिनीच्या उत्पन्नाचा होता हे मत अधिक ग्राह्य धरावे. 1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांकडे गेल्यावर युरोपीय धर्मसंघांचे उत्पन्न तुटले. सेवा चालवली ती प्रामुख्याने गोव्याकडच्या एतद्देशीय पाद्र्यांनी. आंकेतिल द्यूपेरों हा फ्रेंच विद्वान 1760 च्या सुमारास साष्टीत आला तेव्हा ख्रिस्ती लोक सण-मिरवणुका उघडपणे करत असल्याचे त्याला दिसले. राजाचा हात सुटूनही चर्च टिकले, ते कशावर? जत्रा, नवस आणि गावकीच्या वर्गणीवर, असे अनुमान निघते.

इंग्रजांनी ठाणे 1774 च्या अखेरीस घेतले; 1825 मध्ये बिशप हेबर यांनी येथे अँग्लिकन चर्चचे समर्पण केले. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा उगम वेगळा. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा आग्रह मिशनच्या अमेरिकेतील मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन यांनी धरला. 1854-55 मध्ये ते स्वतः पाहणीसाठी आले होते. प्रत्यक्षात पाळकांचा पगार बराच काळ मिशनकडूनच येत राहिला. त्यातून मंडळ्यांना जी सवय लागली ती 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यानंतरही पुरती गेली नाही. नगर, सोलापूर, जालना भागांतून नोकरीसाठी ठाणे-कळव्याला आलेल्या कुटुंबांनी चालीरीतींबरोबर ही सवयही आणली.

‘विश्वासावर चालणारी सेवा’ ही या पगारी व्यवस्थेला उत्तर म्हणून पुढे आली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला (1889) प्रारंभी अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ठरलेल्या अनुदानापेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवली. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. आज घणसोली, कोपरखैरणे, दिवा अशा ठिकाणी शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचा हॉल रविवारी सकाळपुरता भाड्याने घेऊन जमणाऱ्या छोट्या मंडळ्यांचे पास्टर ‘आम्ही विश्वासावर आहोत’ असे सांगतात, ते याच अर्थाने. याचा सरळ अर्थ इतकाच की महिन्याचा आकडा ठरलेला नाही, आणि पास्टरची पत्नी बहुधा कुठेतरी नोकरी करते.

स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ते मंडळीला देण्याच्या प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. एका मताने ती मिशनरी चळवळीतून पसरली. मिझोराममध्ये ‘बुह्फाइ थाम’ या नावाने ती 1910 पासून चालू आहे. दुसऱ्या मताने ती देशी आहे. मुष्टिफंड महाराष्ट्रात ख्रिस्ती वर्तुळाबाहेरही परिचित होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहांसाठी त्याचा उपयोग केला, आणि स्वदेशी उद्योगांसाठी पैसा-पैसा जमवणाऱ्या पैसा फंडामागेही थेंबे थेंबे तळे साचवण्याचीच कल्पना होती. केरळातील ‘पिडियरी’ तिसरीकडून येते; नवी मुंबईत मलयाळी ख्रिस्ती मोठ्या संख्येने असल्याने तीही विचारात घ्यावी लागते. मराठी मंडळ्यांपुरते दुसरे मत जास्त पटते, कारण दारी आलेल्याला मूठभर घालण्याचा रिवाज बाप्तिस्म्यापूर्वीच घरात होता. शहरात धान्याच्या डब्याची जागा पाकिटाने घेतली आहे. त्यावर कुटुंबाचे नाव व महिना लिहिलेला असतो.

सुगीच्या सणात ही प्रथा अजून ताजी दिसते. ईस्ट इंडियन कॅथलिकांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपकारस्तुतीत उपासनेनंतर लिलाव असतो. वेदीपुढे नारळ, पपया, दुधीभोपळे, अंड्यांचा ट्रे, घरचा केक, एखादा पाय बांधलेला कोंबडा मांडलेला असतो. शेत कुणाचेच नसल्याने भाजी बहुतेक बाजारातूनच आणलेली. बोली लावणारा माणूस मंडळीतलाच आणि तोंडाळ असावा लागतो. वस्तू घेणारा ती पुष्कळदा पुन्हा टेबलावर ठेवतो आणि एकच दुधी तीन-चारदा विकला जातो. बाजारभावाशी या बोलीचा काही संबंध नाही, तसा तो असावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. अडचणीतल्या मंडळीचे वर्षभराचे वीजबिल या एका दुपारी निघू शकते.

कायदेशीर बाजू थोडक्यात अशी : 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी धर्मादाय आयुक्तालयात होते. आयकर कायद्यातील देणग्यांवरील सवलत (1961 च्या कायद्यात कलम 80-जी) केवळ एका धर्मसमाजासाठी असलेल्या न्यासाला मिळत नाही, त्यामुळे बहुतेक मंडळ्यांची पावती करसवलतीच्या कामाची नसते. परदेशी देणग्यांवरील 2010 च्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती होऊन असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याची आणि ते दुसऱ्या संस्थेकडे न वळवण्याची अट आली. मोठ्या संस्थेकडून मदत घेणाऱ्या लहान सेवांना दुसरी अट जड गेली.

त्याच वर्षी मार्चपासून 16 नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती आणि थैली फिरणे थांबले. लाकडी दांड्याची, मखमली कापडाची ही थैली गीत चालू असताना बाकाबाकांवरून जाते. हात आत घातला की मुठीत काय होते ते शेजाऱ्याला कळत नाही. टाळेबंदीत क्यूआर कोड आला आणि नंतरही राहिला. त्यात देणाऱ्याचे नाव व रक्कम खजिनदाराच्या फोनवर लगेच उमटते. वार्षिक अहवालात कुटुंबवार वर्गणीची यादी छापण्याची पद्धत काही जुन्या मंडळ्यांत आधीपासून होतीच, त्यामुळे तिथे फारसा गवगवा झाला नाही. ज्यांनी अशी यादी कधी छापली नव्हती त्या मंडळ्यांत थैली आणि कोड दोन्ही चालू आहेत.