मराठी अक्षर आणि यंत्र: दोनशे वर्षांची ओढाताण

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्यानंतर नाणेघाटातला शिलालेख, गाथासप्तशती, लीळाचरित्र ही नावं पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण भाषेचं वय सिद्ध करण्याच्या भरात तिच्या अगदी अलीकडच्या दिवसांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून हवा तो शब्द शोधता येतो. १९९८ साली संगणकावर जुळवलेल्या मराठी पुस्तकात मात्र बहुतेक वेळा तसा शोध घेताच येत नाही. पुस्तक तयार झालं संगणकावर, आणि संगणकालाच ते वाचता येत नाही. असं का झालं, हे समजून घ्यायला छापखान्यापासून सुरुवात करावी लागते.

नाना फडणवीसांनी मनावर घेतलेलं भगवद्गीतेच्या छपाईचं काम १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं पुरं झालं. ती गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून. या दोन्ही रीतींत लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण जसंच्या तसं कागदावर उतरे. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असो, त्याची अडचण नव्हती, कारण अख्खं पान एकदमच तयार होई.

अडचण सुरू झाली ती सुट्या खिळ्यांपासून. इंग्रजी मजकूर शंभराच्या आसपास खिळ्यांत भागतो. देवनागरीला मात्र अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, उकार, रफार असे कित्येकशे खिळे लागत. जुळाऱ्याला त्यांच्या जागा पाठ असाव्या लागत आणि एक-एक ओळ जुळवायला वेळ जाई. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं १८६९पासून या अवघड कामाचं सोनं केलं. त्यांच्या खिळ्यांत छापलेले संस्कृत आणि मराठी ग्रंथ आजही डोळ्यांना सुख देतात. पण तशी कारागिरी प्रत्येक छापखान्याला परवडणारी नव्हती. म्हणून खिळे कमी करायची खटपट सुरू झाली. लोकमान्य टिळकांनी त्यासाठी स्वतः डोकं खर्ची घातलं. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली: इ, ई, उ यांची वेगळी चिन्हं सोडून अि, अी, अु लिहायचं. छपाई सोपी व्हावी हाच हेतू होता. काही नियतकालिकांनी ती काही काळ वापरलीही, पण लोकांनी ती स्वीकारली नाही.

टंकलेखन यंत्र आलं तेव्हा मात्र स्वीकारायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. चार-पाच ओळींच्या कळफलकावर देवनागरी बसवायची म्हणजे कापाकापी अटळ. शुद्धमधला ‘द्ध’ पाय मोडून लिहायचा, रफार नंतर येऊन अक्षरावर बसवायचा, उकार जमेल तिथे लागेल. कचेऱ्यांतल्या मराठीचं रूप कित्येक दशकं या यंत्रानं ठरवलं. यंत्राला जमत नाही म्हणून अक्षरानं वाकायचं, हा नियमच होऊन गेला.

तो मोडायची पहिली खरी संधी आली ती सरकारी संशोधनातून. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेलं जिस्ट हे तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेकडे आलं. त्यामागची कल्पना फार मोलाची होती: संगणकानं अक्षराचा आकार साठवायचा नाही, अक्षर साठवायचं. ‘क’ म्हणजे एक क्रमांक, वेलांटी म्हणजे दुसरा. पडद्यावर ती कशी दिसतील ते नंतर ठरेल. याच विचारातून इस्की ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ साली ती भारतीय मानक झाली. स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे ठेवणारा इनस्क्रिप्ट कळफलकही याच घराण्यातला. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीनं देवनागरीची मांडणी घेतली तीही इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून.

म्हणजे योग्य वाट आपल्याकडेच सापडली होती. बाजार मात्र दुसऱ्या वाटेनं गेला, आणि माझ्या मते मराठीचं गेल्या पन्नास वर्षांतलं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर पानं जुळवून देणाऱ्यांना, छापील पान हवं होतं, तेही स्वस्तात आणि लगेच. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे भरलेले फाँट आले. शिवाजी, श्रीलिपी, आकृती, किरण, कृतिदेव: प्रत्येकाची घरं वेगळी. ‘शिवाजी’मध्ये पडद्यावर मराठी हा शब्द सुरेख दिसे, फाइलमध्ये मात्र एम, ए, आर, ए, झेड, आय एवढीच इंग्रजी अक्षरं पडलेली असत. फाँट काढला की मराठी संपली. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी साठवली जाई, कारण ती दिसते आधी. वृत्तपत्रांची संकेतस्थळं सुरू झाली तेव्हा ज्याचा-त्याचा फाँट वेगळा होता. तो उतरवून घेतल्याशिवाय बातमी दिसत नसे, आणि दिसली तरी शोधयंत्राला सापडत नसे. त्या वर्षांतले अग्रलेख, दिवाळी अंक, पीएचडीचे प्रबंध, ग्रामपंचायतींचे दाखले अशा कुलूपबंद फाइलींत अडकून पडले. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं जुळवायच्या प्रणालींतल्या कित्येक फाइली तर आता उघडतही नाहीत.

विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आला. तो र. कृ. जोशींनी घडवला होता. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतले शिक्षक. हाताच्या वळणाचा आणि संकेतप्रणालीचा विचार सारख्याच आस्थेनं करणारा असा माणूस मराठीला लाभला, हे आपलं भाग्य. पण युनिकोडमध्येही मराठीच्या गरजांना मागाहून जागा मिळाली. अॅप, अॅडव्होकेट लिहायला लागणारं ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत दाखल झालं. तोवर कुणी हिंदीतलं ‘ऍ’ वापरी, कुणी ‘अ’वर चंद्र चढवी. त्यामुळे तोच शब्द आज महाजालावर निदान तीन रूपांत पसरलेला आहे.

दऱ्यामधल्या अर्ध्या ‘र’ची गोष्ट याहून बिकट. दर्या आणि दऱ्या यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. युनिकोडमध्ये मात्र हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात (तो मुळात द्राविडी भाषांतला उच्चार दाखवायला ठेवलेला), दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण एका रीतीनं लिहिलेलं ‘सुऱ्या’ दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर साधं शोधयंत्र काहीच सापडलं नाही म्हणून सांगतं.

आकारांचा वाद त्यामानानं सोपा आहे. १० नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयानं देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही मराठी वळणं अधिकृत ठरवली. निर्णय योग्यच होता. पण दोन्ही वळणांचा संकेत एकच, म्हणजे दिसणं सगळं फाँटच्या हाती. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवता येतात, गूगलच्या नोटो या फाँटमध्ये ती आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण केली की मराठी ‘ल’ आपोआप उमटतो. ती खूण करणं संकेतस्थळ बांधणाऱ्याचं एका ओळीचं काम आहे. तरी मराठीतली कितीतरी संकेतस्थळं स्वतःची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवतात.

आज या सगळ्याला नवी धार आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपं वाचता येणाऱ्या मजकुरावर शिकतात. जो मजकूर कुलूपबंद आहे, तो त्यांच्या लेखी नाहीच. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये महाजालावर आला, म्हणून तो शोधात सापडतो. त्याच तोलाचं कितीतरी लेखन प्रकाशकांच्या कपाटातल्या सीडींवर पडून आहे. आता यंत्राला दोष देता येत नाही, कारण देवनागरीचं प्रत्येक जोडाक्षर ते बिनतक्रार दाखवतं. कचेऱ्या आणि छापखाने सवय सोडत नाहीत, ही खरी अडचण.

जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आहेत. मात्र वेलांटी आणि रफार जागेवर आले का, ते मराठी जाणणाऱ्या माणसालाच ओळीओळीनं तपासावं लागतं. अभिजात दर्जानंतर जो काही निधी मराठीच्या वाट्याला येईल, त्यातला पहिला हिस्सा या मुद्रितशोधकांच्या मानधनाला द्यावा. आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक पुस्तकाबरोबर त्याची युनिकोड फाइल राज्याच्या ग्रंथालयात जमा करणं बंधनकारक करावं.