वाफा उघडा ठेवू नका: ताग, धैंचा, चवळी

ठाण्यात घोडबंदर रोडला काय नि नवी मुंबईत काय, सोसायटीच्या बागेत पाऊस सुरू झाला की मोकळ्या वाफ्यावर तण माजते. उपटून माती पुन्हा उघडीच ठेवली, तर खाली दडलेले बी वर येऊन रुजते. तिथे ताग, धैंचा किंवा चवळी असे दाट वाढणारे हिरवळीचे पीक, म्हणजे कोवळे असतानाच कापून मातीत गाडायचे पीक, घ्या. त्याच्या सावलीत तण दबते, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र (नायट्रोजन) साठतो आणि भरावाच्या मुरमाड जमिनीत सेंद्रिय अंश वाढतो.

भरपूर ऊन आणि चांगला निचरा असेल तर ताग. पाणी साचत असेल किंवा खाडीकडची खारवट माती असेल तर धैंचा. त्याचे कडक बी रात्रभर भिजवा. अर्धवट सावलीत चवळी. गर्द सावलीत काहीच पेरू नका, पालापाचोळा अंथरा.

१०० चौरस फुटांना १०० ग्रॅम बी लागते. ताग-धैंच्यासाठी शेतातल्या मात्रेच्या हे जवळपास दुप्पट आहे, पण विरळ पीक तण दाबत नाही. आधीचे तण मुळासकट काढा. पावसाने उघडीप दिली आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की बी फोकून (हाताने विखरून) दंताळ्याने २-३ सें.मी. मातीआड करा. मुसळधार पावसात पेरलेले बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. उरलेले कबुतरे टिपतात, म्हणून उगवण होईपर्यंत जाळी टाका.

सर्वांत जास्त चुकते ती कापणीची वेळ. ४०-४५ दिवसांनी, कळ्या दिसताच कापायचे. तागाची पिवळी फुले सुंदर दिसतात, माळी हमखास थांबतो! तोवर दांडे ताठर होतात. ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि नवी रोपे पिवळी पडतात. शेंगा पिकून फुटल्या, तर पुढच्या वर्षी हेच पीक तण होऊन उगवते.

बुंध्याशी कापून वीतभर तुकडे करा, १०-१५ सें.मी. खोल गाडा. नव्या रोपांची लागवड १५-२० दिवसांनी. झाडांच्या मुळांपाशी मात्र खणू नका. कापलेला पाला तिथेच पसरा.

लव्हाळा आणि हरळी ही चिवट तणे एका हंगामात संपणार नाहीत. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, पण जमिनीतल्या गाठी जिवंत राहतात. त्या पेरणीपूर्वी कुदळीने खणून वेचाव्याच लागतात.

आमच्याकडे बी घ्यायला येताना वाफ्याची लांबी-रुंदी मोजून आणा आणि पावसानंतर पाणी किती वेळ उभे राहते तेही सांगा.