कुंड्यांसाठी माती किती घ्याल?

‘बारा इंची दहा कुंड्या आहेत, किती किलो माती लागेल?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. किलोत त्याचं नेमकं उत्तर देता येत नाही. तीच माती ओली असली की वजन वाढतं, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेलं मिश्रण तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त जागा भरतं. म्हणून हिशेब लिटरचा करा. पोत्यावर लिटर छापलेले नसतील, तर आम्हाला जरूर विचारा.

मापं कुंडीच्या आतून घ्या. काठाचा व्यास ३० सेंमी आणि तळाचा २० असेल, तर सरासरी २५ धरा. त्याचे निम्मे १२.५. या आकड्याला त्यानेच गुणा, मग ३.१४ ने, मग मातीच्या उंचीने, आणि १००० ने भागा. कुंडी २८ सेंमी खोल असली तरी उंची २५ च धरा, कारण पाणी घालायला वर तीन बोटं नाही तरी तीन सेंमी जागा लागतेच. उत्तर येतं साधारण १२ लिटर. चौकोनी कुंडीला लांबी, रुंदी, उंची गुणून १००० ने भागलं की झालं.

कुंडी वेड्यावाकड्या आकाराची असेल, तर आत प्लास्टिकची पिशवी अंथरा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत मोजा. आम्हीही हेच करतो.

आलेल्या आकड्यात शेकडा १५ वाढवा. पहिल्या काही पाण्यांतच भुसभुशीत मिश्रण खाली बसतं. म्हणजे वरच्या कुंडीला १४ लिटर, दहा कुंड्यांना १४०. रोप मुळांच्या गोळ्यासकट लावणार असाल, तर गोळ्याची जागा वजा करा.

नजरेचा अंदाज मात्र फसवतो. २० सेंमी रुंद आणि तेवढ्याच खोल सरळ कुंडीत ६ लिटर मावतात, ३० सेंमीच्या कुंडीत २१. दिसायला दीडपट, माती जवळजवळ साडेतीनपट!

माती वाचवायला तळाशी खडी भरू नका, ही आमची कळकळीची विनंती. त्याने निचरा सुधारत नाही. ओल खडीच्या वर, मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा घटते. छिद्रावर एक खापरी पुरे.

उरलेल्या मातीच्या पोत्याचं तोंड बांधून सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी कुंड्यांचा वरचा थर भरायला ती लागेल.