गोबरगॅस आणि पायरोलिसिस: एकच समजू नका, आधी पाण्याचं बघा

'शेण आणि काडीकचऱ्यापासून इंधन' म्हटलं की दहातले आठ जण म्हणतात, म्हणजे गोबरगॅसच ना. नाही हो!

गोबरगॅस तुम्हाला माहितीये, शेणात तेवढंच पाणी कालवायचं, जिवाणू कुजवतात, मिथेन वर, स्लरी बाहेर. पायरोलिसिसमध्ये जिवाणू नाहीतच. बंद भांड्यात माल भरून, हवा न देता ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापवायचा, मग तो पेटत नाही, त्याचा कोळसा, काळं तेल आणि गॅस होतो. हवा दोन्हीकडे बंद, म्हणून गल्लत होते.

पण खरी मेख पाण्यात आहे आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. ताज्या शेणात ८० टक्के पाणी असतं. म्हणजे ५ किलो शेण घेतलं तर ४ किलो पाणी आणि १ किलो सुका माल. पायरोलिसिस करायचं तर आधी ते ४ किलो पाणी उडवायलाच साधारण १० मेगाज्यूल उष्णता लागते, आणि त्या १ किलो सुक्या शेणात आहेच मुळी १३-१४ मेगाज्यूल, मग हातात काय राहिलं? उन्हात वाळवून घ्या म्हणाल तर चालेल, पण पावसाळ्यात काय करणार, आणि वाळलेली गोवरी तशीही चुलीत जळतेच की. गोबरगॅसला मात्र तेच पाणी हवं असतं, म्हणून ओलं शेण टाकीतच घाला, माझं मत पक्कं आहे.

पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), उसाचं पाचट यांचं बरोबर उलटं. पऱ्हाटीतलं लाकूडपण, म्हणजे लिग्निन, टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही, काड्या वर तरंगतात, साय धरते, पाइप तुंबतो. शेतात वाळून पडलेला असा माल भट्टीचाच, म्हणजे पायरोलिसिसचा. डॉ. आनंद कर्व्यांच्या पुण्यातल्या 'आरती' संस्थेने हेच केलं, उसाचं पाचट बंद पिंपात भरून भट्टीत तापवायचं, पिंपातून निघणारा गॅस तिथेच जळून भट्टीला उष्णता देतो, उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या. याला २००२ मध्ये ब्रिटनमधला अ‍ॅशडेन हा शाश्वत ऊर्जेचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच संस्थेला २००६ मध्ये दुसरा मिळाला तो खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी. सुक्याला भट्टी, ओल्याला टाकी, एकाच संस्थेने दोन्ही वेगळं ठेवलं.

खताचं थोडक्यात: स्लरीत नत्र टिकतं, भट्टीत बरंचसं उडून जातं, पालाश-स्फुरद कोळशात राहतं.

आणि त्या काळ्या तेलाला 'शेणाचं डिझेल' म्हणणं कृपया बंद करा. ते आंबट असतं, लोखंड खातं, त्यात पाणी असतं आणि किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. तसंच इंजिनात ओतलं तर इंजिन जाणार.

प्लांटचं कोटेशन घेऊन कुणी आलं तर आधी हे विचारा, माल किती टक्के ओलाव्याचा लागतो आणि वाळवायचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का.