जागतिक आरोग्य संघटना आणि बेळगाव सीमाभाग

जागतिक आरोग्य संघटना (बोलीभाषेत 'डब्ल्यूएचओ') ही सार्वजनिक आरोग्याचे काम पाहणारी संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था असून तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. २२ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ६१ देशांनी तिच्या घटनेवर सह्या केल्या. ७ एप्रिल १९४८ पासून ती अमलात आली आणि तोच दिवस पुढे जागतिक आरोग्य दिन ठरला. भारत जानेवारी १९४८ पासून सदस्य आहे. दरवर्षी मे महिन्यात भरणारी सदस्य देशांची सभा धोरण ठरवते, ३४ जणांचे कार्यकारी मंडळ ते पुढे नेते आणि महासंचालक पाच वर्षांसाठी निवडला जातो. सहा विभागीय कार्यालयांपैकी आग्नेय आशियाचे कार्यालय दिल्लीत आहे.

या संघटनेला हुकूम सोडण्याचा अधिकार जवळजवळ नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. ती मोजते, पुरावा गोळा करते, प्रमाण ठरवते आणि सल्ला देते. अंमल ज्या त्या सरकारचा. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर अहवालासाठी अडवलेले कोल्हापूरकर प्रवासी डब्ल्यूएचओच्या नावाने बोटे मोडत, पण तो नियम बंगळुरूचा होता. जिनिव्हाने ३० जानेवारी २०२० रोजी केले ते इतकेच, की कोविड ही आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी असल्याचे जाहीर केले. ज्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांखाली ही घोषणा होते, ते २००७ पासून लागू आहेत आणि देशादेशांमधल्या व्यवहाराचे आहेत. दोन राज्यांमधला नाका त्यांच्या कक्षेत येत नाही.

सीमाभागाचा या संघटनेशी जुना धागा देवीच्या रोगातून जातो. बेळगावात टिळकवाडीच्या झाडीत 'व्हॅक्सिन डेपो' आहे. आज मराठी माणसाला हे नाव ऐकले की महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा आठवतो, पण हे नाव पडले ते तिथल्या लस संस्थेमुळे. देवीची लस इथे तयार होई. जुनी पातळ लस उन्हात लवकर निकामी होई, आणि खेड्यात देवी काढायला, म्हणजे ही लस टोचायला, निघालेल्या माणसाला बर्फ कुठून मिळणार? गोठवून सुकवलेली लस आली आणि हे बदलले, कारण ती ३७ अंशांतही महिनाभर टिके. भारतात अशी लस बनवणाऱ्या मोजक्या संस्थांत बेळगावचे नाव होते. १९६७ पासून संघटनेने देवी निर्मूलनाच्या मोहिमेला जोर दिला. दोन टोकांच्या सुईने दंडावर पंधरा टोचण्या द्यायच्या आणि रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना गाठायचे, अशी पद्धत होती. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. आमच्या आधीच्या पिढीच्या दंडावरचा गोल व्रण ही त्या कामाची घरोघरी राहिलेली खूण. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग मात्र आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच ऐकू येतो.

पोलिओचे काम अजून संपलेले नाही. रविवारचे दोन थेंब आणि डाव्या करंगळीची शाई सर्वांना दिसते, पण खरा पहारा वेगळाच आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे. ही निगराणी १९९७ पासून संघटना आणि भारत सरकार यांनी मिळून उभी केली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली (लशीतून न आलेल्या) विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही, तरी हे नमुने घेणे चालूच आहे. खानापूरच्या आशाताईचा तक्ता कन्नडमध्ये, पलीकडे चंदगडच्या आशाताईचा मराठीत. लसींचे वेळापत्रक मात्र दोघींचे एकच, कारण ते दिल्लीत ठरते.

सल्ला नेहमी वरून खालीच येतो, असेही नाही. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बाया दगावत. त्यावर दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते, आणि आडगावात शीतपेटी नाही. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठाच्या साथीने बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. उपकेंद्रातल्या नर्सबाई घरी किंवा केंद्रात बाळंतपण करत आणि निम्म्या बायकांना थंड न ठेवताही टिकणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या देत. अतिरक्तस्रावाचे प्रमाण बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांत १२ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के निघाले. २०११ मध्ये संघटनेने या वापरासाठी गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. पुढे उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या त्याच कामाच्या इंजेक्शनची चाचणी संघटनेने स्वतः दहा देशांत सुमारे तीस हजार बायकांवर घेतली. त्यातही बेळगाव होते. जिनिव्हाची यादी अशीच बनते, आणि तिच्यात आपल्या तालुक्यांचा वाटा आहे हे इथे फारसे कुणी सांगत नाही.

घरात पोहोचलेले तिचे सर्वांत स्वस्त काम म्हणजे जुलाबात पाजायच्या जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी. एक लिटर पाण्याला २०.५ ग्रॅम, त्यात मीठ २.६ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. हे प्रमाण २००२ मध्ये सुधारले गेले. पुडी अर्ध्या पेल्यात घोळून पाजणारे घर आजही आढळते. तसे केल्यास उपाय उलटतो.

पैशाची बाजू लंगडी आहे. सदस्य देशांच्या ठरीव वर्गणीतून खर्चाचा एक पंचमांशही भागत नसे. उरलेले ऐच्छिक देणग्यांतून येई आणि त्यांतले पुष्कळ देणगीदाराने सांगितलेल्या कामालाच वापरावे लागते. ही वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे देशांनी २०२२ मध्ये मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक असलेल्या अमेरिकेने बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.