प्राणवायू असूनही गुदमरलेली पेशी

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले की दोन समजुती मनात घर करतात. एक म्हणजे मूत्रपिंड काढावे लागले तर जन्मभर डायलिसिस मागे लागणार. आणि दुसरी म्हणजे हा कर्करोग केमोथेरपीला दाद देत नाही, तेव्हा हाती काहीच उरलेले नाही. पहिली समजूत बहुतेकांच्या बाबतीत चुकीची आहे. दुसरीचा पूर्वार्ध बराचसा खरा आणि उत्तरार्ध खोटा आहे, आणि तो खोटा कसा ठरला यामागचे जीवशास्त्र मला विलक्षण वाटते.

पहिल्या समजुतीचे उत्तर जुनेच आहे. जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमोन या शल्यविशारदाने १८६९ साली एका स्त्रीचे मूत्रपिंड पूर्वनियोजित शस्त्रक्रियेने काढले (तिचा आजार कर्करोगाचा नव्हता) आणि ती उरलेल्या एकाच मूत्रपिंडावर जगली. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळणघटक असतात, आणि एक मूत्रपिंड गेले की दुसरे आकाराने वाढून बरेचसे काम अंगावर घेते. आता तर गाठ लहान असल्यास तेवढा भाग काढून बाकीचे मूत्रपिंड राखता येते. अशा निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये योगायोगाने सापडतात, आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कर्करोगाची नसतेच. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या कर्करोगाचे ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

आता दुसरी समजूत. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन साठल्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक दिसतात, म्हणून हे नाव. यांतील बहुसंख्य गाठींमध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक १९९३ साली सापडले, ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा शोध घेताना. त्या आजाराच्या गाठींत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि काही रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त असतात. या दोन्ही गोष्टी शरीर प्राणवायू कमी पडल्यावर करते, आणि हाच धागा अमेरिकी संशोधक विल्यम केलिन यांनी पकडला.

आपल्या पेशी हिफ नावाचे एक प्रथिन सतत तयार करतात आणि काही मिनिटांतच नष्टही करतात. हा उधळेपणा वाटेल, पण त्यात युक्ती आहे. प्राणवायू पुरेसा असला की एक विकर त्याच्याच साहाय्याने हिफमधील प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गटाची खूण करते. ती खूण व्हीएचएल जनुकापासून बनणारे प्रथिन ओळखते आणि हिफवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढवते. साखळी चढलेले प्रथिन पेशीतील प्रोटिआसोम नावाची यंत्रणा तोडून टाकते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, हिफ वाचते, केंद्रकात शिरते आणि नव्या रक्तवाहिन्या तसेच तांबड्या पेशी वाढवण्याचे हुकूम सोडते. व्हीएचएलच निकामी असेल तर खूण होते, परंतु ती वाचणारे कोणी उरत नाही. पेशीला प्राणवायू भरपूर मिळत असतो, तरी ती गुदमरल्यासारखी वागते आणि गाठीसाठी रक्तपुरवठा ओढून आणते. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'प्राणवायूयुक्त' पाणी कर्करोग बरा करते असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की जिथे तुटवडाच नाही तिथे पुरवठा वाढवून काय साधणार. मन खंबीर ठेवले की गाठ विरघळते, हा उपदेशही रुग्णावर अन्याय करणारा आहे. धीराने उपचार सोसणे सुसह्य होते, पण रुग्ण घाबरला म्हणून गाठ वाढली असे होत नाही.

औषधे याच साखळीच्या कड्यांवर बेतलेली आहेत. सोराफेनिब (२००५) आणि सुनिटिनिब (२००६) ही रक्तवाहिन्या वाढवणारा संदेश अडवतात. २०१५ पासून निवोलुमॅबसारखी औषधे वेगळ्या वाटेने, म्हणजे प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करून, काम करू लागली, आणि पसरलेला रोगही काही जणांमध्ये वर्षानुवर्षे आटोक्यात राहू लागला. मात्र खुद्द हिफला हात घालणे अशक्य मानले जात होते, कारण औषधाचा रेणू अडकेल अशी खाच त्याच्यावर दिसत नव्हती. टेक्सासमधील संशोधकांना हिफ-२ या हिफच्याच एका प्रकाराच्या आत एक लहानशी पोकळी आढळली आणि त्यातून पुढे बेलझुटिफान तयार झाले. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये त्या आनुवंशिक आजारासाठी आणि २०२३ मध्ये, आधीचे उपचार घेऊनही वाढत राहिलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

या औषधाचा सर्वांत ठळक दुष्परिणाम रक्तक्षय हा आहे, आणि वरील यंत्रणा समजलेल्या वाचकाला त्याचे कारण वेगळे सांगायला नको : हिफ-२ दाबले गेले की तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूमही थांबतो. म्हणून या रुग्णांचे हिमोग्लोबिन वरचेवर तपासतात. ते उतरले म्हणजे औषध आपल्या ठिकाणी पोहोचले एवढे कळते. गाठ आक्रसली की नाही, हे मात्र स्कॅनमध्येच पाहावे लागते.